एका वेळी एकच औषध

“आज बी नाई द्यायची का?” स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला.

“नाई. पंधरा दिवस तं होऊ दे,” बाबा म्हणाले. “दोन्ही सोबत चालू ठेवलं तं कशानं फरक पडला ते कसं कळन?”

मी दाराच्या अलीकडे आबांचा रिकामा कप घेऊन उभी होते. आत जावं की मागे फिरावं, ते सुचेना. मग आईनं भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि मी मागे फिरले. कप तसाच ओसरीच्या कठड्यावर ठेवला.

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. त्यांच्या गोळ्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असत. आई आंघोळीला गेली तेव्हा मी तो डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची पट्टी आणि एक तिसरी, रक्तातल्या चरबीची. मागच्या रविवारी मीच आबांना गोळ्या दिल्या होत्या आणि सवयीनं पट्ट्यांचे रिकामे कोपरे कातरीनं कापून टाकले होते. आज गुरुवार होता. कापलेल्या कडेच्या पुढची एकही गोळी फोडलेली नव्हती. चार दिवस झाले होते. मी झाकण लावून डबा होता तिथे ठेवला.

बाबांनी हे का केलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं, कारण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही आबांना हैदराबादला नेलं होतं. तहसील कचेरीत तीस-पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. लहानपणी दुसऱ्याच्या शेतात राबलेला, मोठेपणी उर्दूतली जमिनीची जुनी पहाणीपत्रकं घडाघडा वाचून दाखवणारा. तोच माणूस घरातून विहाराकडे निघाला आणि हायवेवरच्या ढाब्यासमोर बसलेला सापडला. दवाखान्यात रोग्याजवळ एकालाच सोडत होते. बाबा म्हणाले, “तू जाय. इंग्रजीत बोलतीन ते.” मी नर्सरीपासून आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत, हॉस्टेलात राहून शिकलेली. घरात कुठलाही छापील कागद आला की तो माझ्यासमोर ठेवला जाई. बाबांना त्याचा अभिमान होता आणि मला त्याची भीती.

तिथल्या डॉक्टरांनी स्कॅनची काळी फिल्म उजेडावर धरली आणि मला पांढरट ठिपके दाखवले. आजाराचं नाव सांगितलं, व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्यामुळे येणारा विसराळूपणा. फिल्मच्या पाकिटाच्या मागे त्यांनी एक जिना काढला. हा आजार उतारावरून घसरल्यासारखा येत नाही, असा पायरी-पायरीनं येतो, ते म्हणाले. काही महिने माणूस एकाच पायरीवर उभा असतो. मग एक छोटा झटका, कधी कुणाला न कळणारा, आणि तो एक पायरी खाली जातो. गेलेलं या गोळ्या परत आणणार नाहीत. पुढची पायरी शक्य तेवढी लांबवायची, एवढंच त्यांचं काम. म्हणून एकही दिवस चुकवू नका.

हे सगळं ते इंग्रजीत, माझ्याकडे बघून बोलत होते. आबांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांनी विचारलं, “काय म्हणून राह्यला सायब?”

मी म्हणाले, “गोळ्या घेतल्या की बरं वाटेल म्हणतात.”

बाहेर आल्यावर बाबांनी तेच विचारलं. आबा अजूनही माझं मनगट धरून होते. मी तेच उत्तर दिलं. बस स्टँडवर, गाडीत, घरी आल्यावर, कधीतरी बाबांना बाजूला घेऊन खरं सांगायचं, असं मी ठरवत राहिले. मग सुट्टी संपली आणि मी हॉस्टेलला परत गेले. माझं अर्धं वाक्य आमच्या घरात पूर्ण सत्य होऊन बसलं.

बाबांनी आठ महिने बरं वाटण्याची वाट पाहिली. बरं वाटलं नाही. उलट आबांच्या हातांवर कुठेही टेकलं तरी निळे डाग पडू लागले, पाय सुजले, दुपारभर ते पेंगू लागले. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं भगताचं नाव सुचवलं, तेव्हा बाबांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. “आमच्या घरात भगत येत नाई,” म्हणाले. आमच्याकडे ती फार जुनी गोष्ट होती. आबांनी तरुणपणी घरातले देव नेऊन नदीत सोडले होते. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून पाहायचं, हे बाबा पौर्णिमेला विहारात मुलांना सांगत आणि उरलेले दिवस सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला.

निर्मलला सुया टोचून उपचार करणारे एक डॉक्टर आहेत, असं बाबांच्या शाळेतल्या सहकाऱ्यानं सांगितलं तेव्हा बाबा आधी हसले. “हा तं डिगरीवाला भगत दिसते,” म्हणाले. पण त्या सहकाऱ्याच्या सासूचा उचलता न येणारा हात वर जाऊ लागला होता आणि ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी एक नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि माझं इंटर, म्हणजे बारावी, संपून मी नुकतीच घरी आले होते, तर मला हाक मारली.

“प्रयोगाचा पयला नियम कोणता?” त्यांनी विचारलं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” मी म्हणाले. हा नियम त्यांनीच मला सातवीत शिकवला होता.

“शाबास,” ते म्हणाले. तेव्हा मला वाटलं, ते नुसते वहीबद्दल बोलत आहेत.

निर्मलचे डॉक्टर तेलुगू बोलणारे, उंच, हळू आवाजाचे. आधी साधे एमबीबीएस होते, सुयांचं मागाहून शिकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी हैदराबादची फाईल पूर्ण वाचली आणि मला इंग्रजीत सांगितलं, “माझ्या सुया या गोळ्यांच्या जागी नाहीत. गोळ्यांच्या सोबत आहेत. काही रोग्यांना सोबतीनं थोडा फायदा होतो, काहींना होत नाही. मी कबूल काहीच करत नाही. गोळ्या थांबल्या तर मात्र मी सुया लावणार नाही.” मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. बाबांनी मान डोलावली. आदल्या दिवसापासूनच त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, हे मला गुरुवारी कळायचं होतं.

पहिल्या सुयांची मात्र मजा झाली होती. दवाखान्याला लागूनच लाकडी खेळणी रंगवण्याचं दुकान होतं आणि रंगाचा उग्र वास आत येई. आबांना खाटेवर झोपवलं. डॉक्टरांनी केसांइतक्या बारीक सुया एकेक करून डोक्यावर, मनगटाजवळ, गुडघ्याखाली लावल्या आणि चिमटीत धरून हलक्या फिरवल्या. आबांनी डोळे तिरपे करून आपल्या मनगटाकडे पाहिलं.

“मले काऊन टाचून राह्यले?” ते म्हणाले. “मी का फाईल हाव?”

डॉक्टरांना मराठी बोलता येत नव्हती, पण कळत होती. त्यांचे निम्मे रोगी आमच्याच भागातले. ते एवढे हसले की सुई हातातच राहिली. बाबाही हसले. खूप दिवसांनी.

“फाईल नाई, बा,” बाबा म्हणाले. “अर्ज हाये तुमचा. मंजूर करून घेऊन राह्यलो.”

“मग मोहर मारा अन् सोडा,” आबा म्हणाले.

गुरुवारी मला गोळ्यांचं कळलं. शुक्रवारी आम्ही पुन्हा निर्मलला गेलो. डॉक्टरांनी आबांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला, कपाळाला आठी घातली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “टॅब्लेट्स चालू आहेत ना?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा वहीकडे बघत म्हणाले, “सांग, चालू हायेत.”

“येस सर,” मी म्हणाले. “रेग्युलर.”

इंग्रजीत खोटं बोलणं किती सोपं आहे ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत आम्ही ज्या आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हणत असू, त्याच आवाजात ते निघालं. जणू ते मी बोललेच नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी आबांच्या तोंडाकडे बघत काढले. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे आहेत का. कप उचलताना हात थरथरतो का. चालताना पाय घासतो का. पाकिटावरचा जिना माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आबा अंगणात उभे राहिले तरी मला ते काठावर उभे आहेत असं वाटे. ते झोपले की मी उंबऱ्यात बसून छाती वरखाली होते का ते पाही. आईनं एकदा विचारलं, “काऊन अशी बसली? जीव घाबरते का?” मी म्हणाले, गरम होतंय.

आईला भीती वाटत होती, पण ती म्हणायची, “तुझे बाबा शिकलेले हायेत. मी काय सांगू?” मी शिकलेली होते. मीही सांगत नव्हते.

मी एक भेकड उपाय केला. गोळ्यांच्या खोक्यात इंग्रजी बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये, या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो कागद बाबांच्या वहीत ठेवून दिला. संध्याकाळी बाबा वही उघडून बसले. मी दप्तरातली पुस्तकं उगाच लावत होते. त्यांनी कागद उलगडला, चष्मा लावून ती ओळ वाचली.

“हे कोणं ठेवलं?”

आई म्हणाली, “मले काय ठाव.” मी मान वर केली नाही.

“कंपन्या सगळंच लिवतात,” बाबा स्वतःशीच बोलले आणि कागद होता तसा घडी घालून ठेवला. पण त्यानंतर ते बराच वेळ काही लिहू शकले नाहीत, हे मी पाहिलं. पेन उघडून तसंच धरलं होतं.

एकदा मी गोळी हातातही घेतली. चहात विरघळवून द्यावी, कुणाला कळणार नाही. मग वाटलं, इतक्या दिवसांनंतर एकदम दिली आणि रक्तदाब भसकन खाली आला तर? आबा पडले तर? मला काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की मला ठाऊक आहे. मी गोळी परत ठेवली, तर पट्टीचा फोडलेला चांदीचा कागद मिटेना. शेवटी गोळी पुडीत बांधून डब्याच्या तळाशी लपवली.

आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे आबा सुधारल्यासारखे दिसू लागले.

दुपारची पेंग गेली. पायांची सूज उतरली. रोज सकाळी चहा झाला की बाबा त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं वहीत लिहीत. आज वार कोणता, महिना कोणता, समोर कोण बसलं आहे. आधी आबा मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत. दहाव्या-अकराव्या दिवशी ते बाबांवरच उखडले.

“रोज रोज काय पुसतं रे? तपासणी हाय का? कलेक्टर येऊन राह्यला का?”

“सांगा तं खरं. हे कोण बसली?”

“नात हाय माही. तुले माहीत नाई का? मंग मले काऊन नेतं, तुलेच दाखव ना डाक्टरले.”

बाबा मोठ्यानं हसले आणि रकान्यात टिक केली. ते आईला वही दाखवायला आत गेले. मी आबांच्या समोर बसून राहिले. त्यांना मी आठवले होते आणि मला रडू येत होतं, कारण मला कळेना की हे सुयांनी झालं, की गोळ्यांची सुस्ती उतरल्यामुळे, की नुसताच चांगला दिवस होता. एवढंच कळत होतं की ज्याच्यासाठी गोळ्या होत्या, ते वहीत कुठल्याच रकान्यात नव्हतं. न आलेला झटका कुठे लिहिणार?

मी दिवस मोजत होते. पंधरा झाले की बाबा गोळ्या सुरू करतील. मग मला काही बोलावं लागणार नाही. पंधराव्या दिवशी, सोमवारी, बाबा शाळेतून आले, वही चाळली आणि आईला म्हणाले, “फरक हाये. साफ दिसून राह्यला. अजून पंधरा दिवस असंच राहू दे.”

मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा धुतलं.

मंगळवारी दुपारी आम्ही आमच्या नेरडीगोंड्याहून बस धरली. बाबांना पुढे जागा मिळाली. मी आणि आबा दोन रांगा मागे. घाट सुरू झाला. आबांच्या डाव्या हातात उकडलेल्या शेंगांचा कागदी पुडा होता आणि ते मला सांगत होते की एका साली याच सागवानात त्यांची सायकल पंक्चर झाली, डोक्यावर सरकारी दफ्तर, आणि मागून अस्वल. अस्वलाचं ते दर वेळी सांगत.

“मंग म्या दफ्तर खाली ठेवलं,” ते म्हणाले, “अन् त्याले म्हटलं…”

पुढचा शब्द आला नाही. आला तो शब्द नव्हता. ओला, लोळागोळा झालेला आवाज होता. पुडा त्यांच्या हातातून सुटला आणि शेंगा पायांशी घरंगळल्या. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. हात मांडीवर तसाच अर्धा उघडा पडला होता. तोंडाचा डावा कोपरा खाली आला होता, थोडासाच. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मी बारा दिवस तोच कोपरा बघत होते.

“आबा,” मी म्हणाले. मला वाटलं मी ओरडले, पण शेजारच्या बाईनंही मान वळवली नाही.

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तो गरम होता आणि माझ्या हाताला काहीच उत्तर देत नव्हता. बाबांना हाक मारायची होती. बाबांचं डोकं मला दिसत होतं, मानेवर नुकतेच कापलेले केस, बगलेत वही. बस वळणं घेत होती. दोन वळणं गेली, तीन गेली. मग आबांची बोटं हलली. त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला आणि कोपऱ्यातली लाळ पुसली.

“शेंगा कोणं सांडल्या?” ते स्पष्ट म्हणाले.

“माझ्याकडून सांडल्या,” मी म्हणाले.

मी वाकून शेंगा गोळा केल्या, एकेक, सीटच्या खाली हात घालून. वर बघायची हिंमत होत नव्हती म्हणून नको तेवढा वेळ वेचत राहिले.

निर्मलला उतरल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणतात आबा?” आबाच म्हणाले, “मस्त.” बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते इतके खुश दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. पारा पाहिला. पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला आणि पुन्हा पाहिला. सुयांचा ट्रे त्यांनी जवळ ओढला नाही.

“हे दर खेपेला वाढतंय,” ते इंग्रजीत मला म्हणाले. “घरी मीठ जास्त आहे का? काही ताण?” मग हळूच, “टॅब्लेट्स?”

आता माझ्याकडून वदवून घ्यायची गरजही उरली नव्हती. बाबांनी स्वतःच हसून उत्तर दिलं, “रेग्युलर, सर. रेग्युलर.” आणि वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. टिकांनी भरलेलं पान.

डॉक्टरांनी पान सभ्यपणे पाहिलं आणि बाजूला सारलं. चिठ्ठ्यांचा पॅड घेतला. “मग ही मात्रा पुरत नाही. दुप्पट करावी लागेल,” ते म्हणाले आणि लिहायला लागले.

त्यांचं पेन कागदावर घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता. आबा खाटेवर बसून पाय हलवत होते. डावा पाय उजव्यापेक्षा मागे राहत होता, एका ठोक्यानं. मी तोंड उघडलं. इंग्रजी वाक्य तयार होतं, व्यवस्थित, ‘सर’पासून सुरू होणारं. ते म्हटलं असतं तर बाबांना निम्मं कळलं नसतं, आणि मला तेच हवं होतं. मी खुर्चीची पाठ धरली, डॉक्टरांकडे पाठ केली आणि बाबांकडे बघून बोलले. आमच्या घरात बोलतात तसं, कधी नव्हे ते मोठ्यानं.

“बाबा, थांबवा त्याईले. सोळा दिवसांपासून आबाले एकबी गोळी देल्ली नाई आपण, अन् आता घाटात त्याईचं तोंड वाकडं झालं होतं, हात पडला होता, म्या पाह्यलं. त्या गोळ्या बरं करासाठी नव्हत्याच, बाबा. पुढचा झटका येऊ नाई म्हणून होत्या. हैदराबादच्या डॉक्टरानं मले तवाच सांगतलं होतं. म्या तुमाले सांगतलं नाई.”